यंत्रमल्लांची शिदोरी

१९९४ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ‘रोबॉट वॉर्स’ हे यंत्रमल्लांचे सामने प्रथम भरले. यंत्राचें वजन नियमानें बांधलेलें. तेव्हां बॅटरींत वांचलेला प्रत्येक रत्तल शस्त्राच्या वांट्यास येई. शिशाची बंद बॅटरी स्वस्त, यंत्र उलथलें तरी आम्ल सांडत नसे, पण जड! मग निकेल-कॅडमियम आली, आणि २००० नंतर हळूहळू लिथियम-पॉलिमर. शिशाच्या मानानें हिच्यांत तितक्याच वजनाला सुमारें चौपट वीज मावते. परंतु प्रतिस्पर्ध्याचें पातें आंत शिरलें कीं ही पेट घेऊं शकते. कांहीं जुने कारागीर निकेललाच धरून राहिले, तें केवळ हट्टानें नव्हे, असें मला वाटतें. पुढें बॅटरीस मऊ अस्तराची भक्कम पेटी करण्याची, आणि वीज भरतांना तिच्यापाशीं कोणीतरी बसून राहण्याची रीत पडली.