महावीर आणि बुद्ध : विरोधकांची साक्ष

इतिहासाच्या तासाला महावीर आणि बुद्ध एकाच पाठात येतात. दोघेही क्षत्रिय कुळातले, दोघांनीही घर सोडले, दोघांचाही वावर मगध आणि वैशालीच्या परिसरात. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, ही दोन माणसं खरंच वेगळी होती कशावरून?”

प्रश्न वेडगळ नाही. एकोणिसाव्या शतकात भल्याभल्या विद्वानांना तो पडला होता. कोलब्रुक यांना वाटले, बुद्ध हा महावीरांचा शिष्य असावा. कारण महावीरांच्या पट्टशिष्याचे नाव गौतम. (तो इंद्रभूती गौतम, अगदी वेगळा माणूस.) लासेन यांनी उलटे मत मांडले : जैन धर्म म्हणजे बौद्ध धर्माची एक फुटलेली शाखा. जिन, अर्हत, बुद्ध, सुगत या पदव्या दोन्हीकडे सापडतात, मूर्तीही सारख्या दिसतात. महावीरांची पत्नी यशोदा, बुद्धाची यशोधरा! शिवाय श्वेतांबर आगमांचे आजचे लिखित रूप ठरले ते वलभीला, इ.स.च्या पाचव्या शतकात, देवर्धिगणींच्या पुढाकाराने. (हे मूळ आगम नव्हेत, मूळ आगम लुप्त झाले, अशी दिगंबरांची भूमिका आहे.) महावीरांनंतर जवळजवळ हजार वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथावर विश्वास किती ठेवायचा?

या शंकेला उत्तर दिले हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने. १८७९ साली त्याने ‘कल्पसूत्रा’ची संपादित आवृत्ती काढली आणि १८८४ मध्ये त्याचा व ‘आचारांगसूत्रा’चा इंग्रजी अनुवाद. त्याची युक्ती साधी होती. जैनांबद्दल जैनांनाच काय विचारायचे? त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना विचारू.

पाली त्रिपिटक श्रीलंकेत इ.स.पू. पहिल्या शतकात लिहून काढले गेले, म्हणजे वलभीच्या कितीतरी आधी. त्यात ‘निगंठ नातपुत्त’ नावाचा एक आचार्य वारंवार भेटतो. निगंठ म्हणजे निर्ग्रंथ, ज्याच्या गाठी सुटल्या आहेत असा. हेच जैन साधूंचे जुने नाव. नातपुत्त म्हणजे ज्ञातृ कुळाचा पुत्र, जैन प्राकृतात ‘नायपुत्त’. आणि हे महावीरांचेच नाव! त्याच्या देहान्ताचे ठिकाण बौद्ध ग्रंथ पावा सांगतात, जैन ग्रंथही पावाच सांगतात. बौद्ध ग्रंथांत हा आचार्य बहुधा वादात हरणारा असतो. पण खोडून काढायला का होईना, त्याची दखल घ्यावी लागली. आपल्याच पंथातून फुटलेला म्हणून मात्र त्याचा उल्लेख कुठेही नाही. पुढे अशोकाच्या सातव्या स्तंभलेखातही संघ आणि निगंठ यांची नावे वेगवेगळी कोरलेली आहेत.

सगळ्यात गंमत आहे ती बौद्धांच्या एका चुकीत. ‘सामञ्ञफल सुत्ता’त नातपुत्ताच्या तोंडी ‘चातुयाम’ म्हणजे चार नियमांचा धर्म घातला आहे, तोही तपशिलात गोंधळ करून. महावीरांची व्रते तर पाच! चार यामांचा धर्म जैन परंपरा आधीच्या तीर्थंकराचा, पार्श्वनाथांचा मानते. ‘उत्तराध्ययन सूत्रा’त पार्श्वनाथांच्या परंपरेतला केशी आणि महावीरांचा शिष्य गौतम या चार-पाचच्या फरकावर चर्चा करतात. म्हणजे महावीरांच्या आधीपासूनच निर्ग्रंथांचा पंथ होता आणि जुन्या ओळखीमुळे बौद्धांनी त्याचा नियम नव्या आचार्याच्या नावावर टाकला, असे याकोबीने दाखवले. मला तरी हा पुरावा शंभर स्तुतिस्तोत्रांपेक्षा वजनदार वाटतो. याच चार यामांवर गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी मराठीत ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झाले.

सनावळीचा गुंता मात्र उरतो. परंपरेने महावीरांचे निर्वाण इ.स.पू. ५२७ आणि बुद्धाचे ५४४. पण पाली ग्रंथ सांगतात की नातपुत्त आधी गेले! मग कोणती तरी सनावळी चुकली आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात समकालीन ग्रीक राजांची नावे आहेत, त्यांवरून त्याचा राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या सुमारास येतो. सिंहली बखरी बुद्धनिर्वाण त्याआधी २१८ वर्षे सांगतात. बेरीज करा : ४८६. अलीकडे अनेक अभ्यासक या आकड्यावरही शंका घेतात आणि निर्वाण इ.स.पू. ४०० च्या आसपास आणतात. तसे झाले तर महावीरांचा काळही पुढे सरकवावा लागतो, कारण दोघे समकालीन होते, हे तर त्यांचे विरोधकच सांगून बसले आहेत.