पोलोचे टाप आणि शापूरजींचा अर्ज

धुळ्याच्या गरुड मैदानावर किंवा जळगावच्या शिवतीर्थ मैदानावर सुटीच्या दिवशी उभे राहिले, की एकाच वेळी चार-पाच डाव रंगलेले दिसतात. एका डावाचा चेंडू दुसऱ्या डावाच्या यष्ट्यांपाशी येतो, पोरे ओरडतात, चेंडू परत फेकला जातो. मग अचानक सभेचा मांडव पडतो किंवा प्रदर्शन भरते आणि सगळे डाव गुंडाळावे लागतात. मैदान सर्वांचे म्हणायचे, पण नेमके कुणाचे? हा प्रश्न मुंबईत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच एका पारशी गृहस्थाने सरकारदरबारी नेला होता. त्यांचे नाव शापूरजी सोराबजी.

पारशी तरुणांनी 1848 साली मुंबईत ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे क्लबांची संख्या वाढत गेली, हिंदू तरुणही खेळू लागले. या सर्वांना जागा होती ती किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाची. 1875 साली बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो केवळ युरोपियनांचा. त्यांच्यासाठी स्वतंत्र राखीव हिरवळ होती आणि तिथे भारतीयांना पाय ठेवता येत नसे. उलट, भारतीय जिथे खेळत त्या खुल्या मैदानावर जिमखान्याचे सभासद पोलो खेळायला घोडे घेऊन येत. टापांनी जमीन उखडली जाई आणि चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उसळेल याचा भरवसा राहत नसे.

1881 साली शापूरजींनी पुढाकार घेऊन शेकडो देशी क्रिकेटपटूंच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला. मागणी साधी होती: पोलो कूपरेजच्या जागेवर न्यावा. युक्तिवाद आकड्यांचा होता. मूठभरांच्या करमणुकीसाठी शेकडोंचा खेळ का मोडावा? एकदा निकाल अर्जदारांच्या बाजूने लागला, पण जिमखान्याने हरकत घेताच तो फिरला. अर्जावर अर्ज होत राहिले. हाच कारभार त्या वेळी धुळे मुख्य ठाणे असलेल्या, 1906 पर्यंत अखंड राहिलेल्या खानदेश जिल्ह्यावरही चालत होता. तेव्हा मैदानाच्या निकालातून दिसणारी सरकारची वृत्ती इथल्या माणसालाही अनोळखी नव्हती.

शेवटी तोडगा निघाला, तो मात्र वेगळाच. 1885 साली पारशी जिमखाना स्थापन झाला आणि 1887 साली त्याला समुद्रकाठी, केनेडी सी फेसवर जागा मिळाली. लॉर्ड हॅरिस, स्वतः इंग्लंडचे नामवंत क्रिकेटपटू, 1890 ते 1895 मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांनाही जागा मिळाल्या. अर्ज सर्व देशी खेळाडूंचा होता, पण उत्तर जातवार आले. सामायिक मैदानाचा प्रश्न वेगवेगळ्या कुंपणांनी सोडवला गेला. पुढचे सामनेही याच कुंपणांवरून ठरले: तिरंगी, चौरंगी, पंचरंगी. गांधीजींनी 1940 साली या जातवार सामन्यांवर नापसंती व्यक्त केली आणि 1946 नंतर ते बंद पडले.

शापूरजींनी हा लढा 1897 साली इंग्रजी पुस्तकात नोंदवून ठेवला. पारशी क्रिकेटचा इतिहास आणि पोलोविरुद्धचा झगडा, दोन्ही त्यात एकत्र आहेत. एखाद्या फलंदाजाच्या धावांइतकेच महत्त्व त्यांनी सरकारी पत्रव्यवहाराला दिले, हे त्यांचे वेगळेपण. खेळ धावफलकावर जसा घडतो तसाच तो अर्ज, सह्या आणि आलेल्या नकारांतूनही घडतो, हे त्यांना पुरते उमगले होते. त्या पुस्तकातल्या नोंदी नसत्या, तर पोलोच्या घोड्यांखाली उखडलेल्या त्या जमिनीची तक्रारही आज कुणाला ठाऊक नसती.

गरुड मैदानावर मांडव पडला, की आपण फार तर हळहळतो. शापूरजींनी मात्र अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या आणि नकार आला तरी पुन्हा लिहिला.