गुणसूत्रांचे मोजणीदार : दामोदर धर्मानंद कोसंबी

१९४४ साली श्रोडिंजर यांचे ‘जीवन म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारणारे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अनेक पदार्थविज्ञानवेत्ते जीवपेशीच्या दाराशी येऊन उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या एका प्राध्यापकाने विलायतेतील नियतकालिकात अवघ्या चार पृष्ठांचा निबंध लिहून त्या दारातून आत पाऊल टाकले होते. हे मात्र आपणा मराठी माणसांनाही फारसे ठाऊक नाही.

ते प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यात. पदवी हार्वर्डची, १९२९ ची. पुढे बनारस, अलीगढ आणि १९३३ पासून पुणे. आम्ही सरकारी नोकर बदलीच्या हुकमाने गावे बदलतो. कोसंबी स्वेच्छेने विषय बदलीत.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढता येते. अडचण एवढीच की, दोन जनुकांच्या दरम्यान दोनदा अदलाबदल झाली तर ती परस्परांना पुसून टाकतात आणि मोजणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९१९ साली हॉल्डेन यांनी यावर सूत्र दिले. पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. वस्तुतः एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या निकट दुसरी सहसा होत नाही, आणि हा अडसर अंतराबरोबर ओसरत जातो. कोसंबींनी नेमके हेच गणितात बसविले. ताटातूट शेकडा २० असेल, तर हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ एकक येते, कोसंबींच्या सूत्राने २१.२. जमिनीच्या मोजणीत एवढा फरक पडला तर भाऊबंदकी कोर्टात जाते!

ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा; जवळ होते केवळ गणित. त्याच गणिताने त्यांनी प्राचीन नाण्यांची झीज मोजून त्यांचा काळ शोधला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६२ साली त्यांची नेमणूक पुढे चालविली नाही. असा मनुष्य कोणत्याही आस्थापनेच्या रकान्यात बसणे कठीणच. तरीही तोटा कोणाचा झाला, हे सांगावयास नको. १९६६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचे नावही पुढे बदलले. सूत्र मात्र टिकून आहे. आपल्या जबलपूरच्या अधारतालला कृषी विश्वविद्यालय आहे. अशा ठिकाणी गहू वा सोयाबीनच्या जनुकांचा नकाशा करावयास बसणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक आजही विचारतो : हॉल्डेन की कोसंबी?