रायपूरची जनुकपेढी आणि अनुदानाचा हिशेब

कृषी संशोधनाच्या अनुदानाची बातमी आली की पहिले लक्ष रकमेकडे जाते. रायपूरचा इतिहास मात्र सांगतो की रक्कम जितकी महत्त्वाची, तितकेच ती कशासाठी आणि किती काळ मिळते हेही महत्त्वाचे असते.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात धानाचे वीस हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. या संग्रहाचा पाया विश्वविद्यालयाच्या स्थापनेपूर्वी, म्हणजे १९८७ च्या आधीच, डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया यांनी घातला होता. केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेले रिछारिया १९५९ पासून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. परदेशातून आलेल्या बुटक्या वाणांचा देशभर घाईने प्रसार करण्यास त्यांनी विरोध केला. या वाणांबरोबर रोग आणि किडीही फैलावतील, अशी त्यांची भीती होती. या मतभेदांनंतर त्यांना कटकचे पद सोडावे लागले.

१९७० च्या दशकात मध्य प्रदेश शासनाच्या पाठबळाने त्यांनी रायपूरच्या भात संशोधन संस्थेत काम उभे केले. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशाचाच भाग होता. गोव्याचे लेखक क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त लिहिलेल्या प्रसिद्ध लेखानुसार, संस्थेचे वार्षिक अंदाजपत्रक अवघे २०,००० रुपयांचे होते आणि मनुष्यबळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेवढ्या बळावर गावोगावच्या शेतकऱ्यांकडून हजारो वाण गोळा झाले. कोणता वाण लवकर पिकतो, कोणता पाण्यात तग धरतो, कोणाला सुगंध आहे, याच्या नोंदी झाल्या. रिछारिया यांच्या काळातील संग्रह १९ हजारांच्या आसपास सांगितला जातो.

पुढे ही संस्था बंद झाली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. भात संशोधनासाठी जागतिक बँकेकडून मिळणाऱ्या सुमारे चार कोटी रुपयांच्या साहाय्यापायी ही छोटी संस्था अनावश्यक ठरवली गेली, असा अल्वारिस यांचा आरोप होता. या आरोपावर मतभेद असू शकतात. मोठा निधी आला म्हणून छोटे काम आपोआप सुरक्षित होत नाही, एवढे मात्र या प्रकरणातून दिसते.

याचे कारण बियाण्याच्या शास्त्रात आहे. बी सजीव असते आणि कपाटात ठेवले तरी हळूहळू मरत असते. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान सुमारे पाच अंशांनी घटवले, की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून कोरडी, थंड साठवण हवी, अखंड वीज हवी, आणि उगवणक्षमता घसरली की तो वाण पुन्हा शेतात पेरून ताजे बी घ्यायला हवे. हजारो वाणांसाठी हे चक्र कधीच थांबत नाही. अनुदान मात्र बहुधा तीन किंवा पाच वर्षांच्या प्रकल्पासाठी मिळते.

ही तफावत भरून काढण्यासाठी खासगी पैसा पुढे येतो, तेव्हा मालकीचा प्रश्न उभा राहतो. २००२ मध्ये विश्वविद्यालय आणि सिंजेन्टा या बहुराष्ट्रीय कंपनीतील प्रस्तावित सहकार्याची बातमी फुटली. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाण कंपनीच्या हाती जातील, या शंकेने छत्तीसगडात तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. संग्रह वाचला, पण त्याच्या देखभालीचा खर्च सार्वजनिक तिजोरीवरच राहिला.

त्या खर्चाचे फळ पुढे दिसले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या शास्त्रज्ञांबरोबर पारंपरिक धानाच्या बियांवर किरणोत्साराचा वापर केला. बहुतेक उत्परिवर्तने निरुपयोगी ठरतात. काही मोजकीच हवा तो गुण देतात आणि ती अनेक पिढ्यांतून निवडावी लागतात. उंच वाढून आडव्या पडणाऱ्या, उशिरा पिकणाऱ्या सुवासिक दुबराजपासून अशाच निवडीने कमी उंचीचा, लवकर येणारा वाण मिळाला. सफरी-१७ पासून ‘विक्रम-टीसीआर’ तयार झाला. मूळ वाण हाताशी नसते, तर किरण टाकणार कशावर?

आज राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या ‘रफ्तार’ घटकातून कृषी-नवउद्योगांना २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि रायपूरचे विश्वविद्यालय त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. रिछारियांच्या काळातील रुपयाचे मोल वेगळे होते, हे लक्षात घेऊनही ही वाढ स्वागतार्ह आहे. तरीही नव्या कल्पनेला पैसा मिळणे सोपे, आणि जुने बी जिवंत ठेवणाऱ्या कामाला मिळणे अवघड, हे चित्र फारसे बदललेले नाही. पुढच्या वेळी कृषी संशोधनाच्या निधीची घोषणा वाचताना विद्यार्थ्यांनी एक ओळ आवर्जून शोधावी: शीतगृहाची वीज आणि दरवर्षीची पेरणी यांसाठी किती तरतूद आहे?