शेजारचा रंग

आज गोष्ट आहे ठिपक्यांनी रंगवलेल्या फुलांची. ठिपके म्हटलं की आपल्याला रांगोळी आठवते. रांगोळीत ठिपके आपण जोडतो. या चित्रांत मात्र ते नुसते शेजारी शेजारी ठेवतात. जोडायचं काम बघणाऱ्याचे डोळे करतात.

याची सुरुवात झाली धाग्यांपासून. पॅरिसमधल्या गोबलँ या सरकारी विणकाम कारखान्यात १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख झाले. काळा धागा उठावदार दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं, तर रंग चोख होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो निस्तेज वाटत होता. म्हणजे दोष रंगाऱ्यांचा नव्हताच! यावर त्यांनी १८३९ मध्ये पुस्तक लिहिलं. आपल्याला हे धूपछाव साडीवरून लगेच समजेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. लांबून तिसराच रंग दिसतो.

ते ज्ञान जॉर्ज सरा या तरुण चित्रकारानं कॅनव्हासवर आणलं. नदीकाठच्या रविवारचं त्याचं चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. ते १८८६ मध्ये प्रदर्शनात लागलं. ते पूर्ण व्हायला साधारण दोन वर्षं लागली होती.

फुलदाणीतली फुलं अशी कशी रंगवतात? फूल केशरी असेल तर पाकळीवर केशरी ठिपके, उजेडाच्या बाजूला पिवळे आणि सावलीत काळ्याऐवजी निळे. केशरी-निळा, लाल-हिरवा, पिवळा-जांभळा या जोड्या शेजारी आल्या की दोन्ही रंग खुलतात. पण तेलरंग सावकाश वाळतो. ओल्या ठिपक्यावर दुसरा पडला की नुसता चिखल. म्हणून थांबायचं, वाळू द्यायचं, मग पुढचे ठिपके. तोवर खरी फुलं माना टाकतात.

या थांबण्याची किंमत घरालाही मोजावी लागते. कामीय पिसारो या चित्रकारानं पन्नाशी उलटल्यावर ही पद्धत उचलली. चित्रं कमी होऊ लागली, गिऱ्हाईक नाखूश, घरात मुलंबाळं. त्याची बायको ज्यूली शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी ती पिसारोच्या आईच्या घरी कामाला होती. तिनं परसात भाजीपाला आणि फुलं पिकवून संसार ओढला. १८९० च्या सुमारास पिसारोनं ठिपके सोडले. १८९२ मध्ये त्यांचं भाड्याचं घर विकायला निघालं, तेव्हा ज्यूली स्वतः चित्रकार मोने यांच्याकडे गेली आणि कर्ज मागून आली. त्या कर्जातून घर त्यांचं झालं. कर्ज मागायला दार ठोठावताना पाय किती जड होतात, हे आपल्या बचत गटातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी घ्या. प्रदर्शनात पिशव्या मांडाल तेव्हा केशरी पिशवीखाली निळं कापड अंथरून बघा; माल तोच, पण उठाव वेगळा. आणि भरतकामाचा भाव ठरवताना कापड-दोऱ्याबरोबर आपले तासही मोजा. एक-एक टाका घालायला वेळ लागतो, आणि त्या वेळात घर कुणीतरी चालवत असतं. तेही बहुतेक आपणच!