शेतातले खोटे हंस, आणि खरे

मंडळी, आज आपण जरा लांब जाणार आहोत, उत्तर अमेरिकेत. तिथे ज्याला ‘गूज’ म्हणतात त्याला आपण हंसच म्हणू. पण डोळ्यांपुढे दमयंतीचा हंस आणू नका. कॅनडा गूज म्हणजे काळ्या मानेचा, गालावर पांढरा पट्टा असलेला दांडगा पक्षी. रात्र पाण्यावर काढतो आणि सकाळी कापणी झालेल्या शेतात दाणे टिपायला उतरतो. शिकाऱ्याची पंचाईत इथेच. उघड्या शेतात आडोसा नाही, आणि हंस भलता सावध. मग आपण जवळ जाण्याऐवजी त्यालाच जवळ बोलवायचं.

ही युक्ती फार जुनी. नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत 1924 साली 11 बनावट बदकं सापडली. लव्हाळ्यासारख्या गवताची, सुमारे 2000 वर्षांपूर्वीची. ती पाण्यावर सोडायची होती. शेतासाठी पुढे फळीतून हंसाची आकृती कापून, रंगवून, खुंटीवर रोवू लागले. कसब मांडणीत. हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, म्हणून बहुतेक आकृत्यांचं तोंड वाऱ्याकडे. पण फळी समोरून बघितली तर दिसतच नाही, म्हणून कोन थोडे बदलायचे. बऱ्याच आकृत्या चरणाऱ्या, एखादी मान उंचावलेली, कारण थव्यात कुणीतरी पहारा देतोच. आणि मधे मोकळी जागा ठेवायची. नाहीतर येणारा थवा उतरणार कुठे? शिकारी जवळच खड्ड्यात दबा धरून.

सगळ्यात परिणामकारक मात्र जिवंत हंस. पाळलेल्या हंसाचा पाय दोरीने बांधायचा, त्याची जोडीदारीण दूर ठेवायची. दोघं एकमेकांना हाका मारतात आणि वरून जाणारा थवा खाली येतो. आपल्याकडे पाळीव तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानातली तित्तरं पकडत, त्यातलाच प्रकार.

1930 नंतर अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला, पाणथळ जागा आटल्या, पक्षी घटले. तेव्हा वन्यजीव खात्याचे प्रमुख होते डिंग डार्लिंग, मूळचे व्यंगचित्रकार, पुलित्झर मिळालेले. 1935 मध्ये जिवंत हंस बांधून शिकार करायला बंदी आली. इतिहास लिहिणारे बहुधा इथे थांबतात. आम्हाला प्रश्न पडतो तो बांधलेल्या हंसांचा. त्यांचं काय झालं?

बरेचसे सोडून दिले गेले. पण हंस स्थलांतराची वाट आईबापांच्या मागून उडत शिकतो, आणि यांच्या आईबापांनीच ती वाट पाहिलेली नव्हती. ते जिथे सुटले तिथेच राहिले. दरम्यान या जातीतला सर्वांत मोठा प्रकार नामशेष झाला असं तज्ज्ञ समजत होते. 1962 मध्ये हॅरल्ड हॅन्सन यांना तो मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या तळ्यावर, भर गावात, दिसला. पुढे ठिकठिकाणी हंस पुन्हा वसवताना पाळीव थवे कामी आले. त्यांत शिकारीसाठी पाळलेल्या हंसांचे वंशजही होते.

आज हे मुक्कामी हंस तिथल्या गोल्फच्या मैदानांवर इतके झालेत की लोक वैतागलेत. त्यांना हुसकावायला काही ठिकाणी हिरवळीवर कायोटीचे, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचे, प्लॅस्टिकचे पुतळे उभे करतात. हंस दोन-चार दिवस बिचकतात, मग पुतळ्याशेजारीच चरू लागतात.