दौतीतला गेंडा

माळा साफ करताना आजोबांची पितळी दौत सापडली. तळाशी काळी खपली. पाण्याचा थेंब सोडून बोटानं घोळवली, तर शाई पुन्हा जिवंत! दिव्याचं काजळ आणि बाभळीचा डिंक खलात घोटून घोटून ही शाई करत. आमच्या सोलापूरकडे बाभळीला काय तोटा! मोडी लिहिणारा कारकून असो की चितारी, दोघांची दौत हीच.

त्यावरून पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट आठवला. आडनाव तांबं ठोकणाऱ्यांचं, नाव राहिलं ते कागदावर. सवाई माधवरावांच्या दरबारी आलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट त्याच्याकडून चित्रं काढून घेई. नोव्हेंबर 1790 मधलं एक चित्र आहे पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं. कातडीच्या घड्या अशा, जणू जनावराला पाखर घातली आहे.

काही चितारी स्वतःही कागदावर उतरतात. पहाडी चित्रकार, गुलेरच्या नैनसुखनं 1730 च्या सुमारास हातात फळी घेतलेला चितारी म्हणून स्वतःलाच रेखाटलं. गंगारामाच्या या कागदावर मात्र नुसता गेंडा. तरी मला बाजूला बैठक मारलेला तोही दिसतो, जनावर हललं की हात थांबवणारा.

1791 मध्ये स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत उतरला, पुढे पुण्याला आला. त्याच्या सहवासात गंगारामाच्या रेघेत सावली आणि खोली आली असावी. वेरूळची लेणी गंगारामानं मॅलेटसाठी शाईनं रेखाटली. अंधाऱ्या दगडाला काळी शाईच शोभते म्हणा! वेल्स 1795 मध्ये ठाण्याला वारला. पेशव्यांच्या दरबाराचं त्याचं अर्धवट राहिलेलं चित्र चित्रकार थॉमस डॅनियलनं 1805 मध्ये तडीस नेलं. मॅलेटनं 1799 मध्ये वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी लग्न केलं, त्यामुळे सासऱ्याचे कागदही जावयाच्याच घरी गेले. गेंडा आता अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. परक्यांनी त्याचं नाव टिपून ठेवलं, म्हणून गंगाराम उरला. शनिवारवाड्याच्या भिंती रंगवणाऱ्या किती हातांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

दौतीत शाई झाली होती, पण घरात बोरू कुठला? खराट्याची काडी तिरकी तासली आणि फोनवर बघून गेंडा काढायला बसलो. शिंगापर्यंत बरा जमला. घड्या घालायला गेलो आणि त्याचं डुक्कर झालं.